मागच्या पायावर हात

दातांत धरलेली केसांची पिन जिभेला टोचत होती — टोचू दे — कारण मार्लिसचे दोन्ही हात मिसेस ब्रॅनव्होल्डच्या पांढऱ्या केसांत गुंतले होते, आणि ते केस इतके विरळ, इतके मऊ, की एक बट निसटली तर मागोमाग सगळ्याच सुटतील आणि पुन्हा पहिल्यापासून... फोन वाजत होता. मिसेस ब्रॅनव्होल्डना घाई नव्हती. त्या काल संध्याकाळीच सगळ्या घाईतून मोकळ्या झाल्या होत्या, नव्वदी उलटल्यावर, खुर्चीत, टीव्ही चालू असताना. असं मरण असावं, मार्लिसला वाटलं, ज्याच्यापुढे 'नैसर्गिक' हा शब्द लिहिताना हात अडखळत नाही. फोन थांबला. पुन्हा वाजला.

तिने कोपराने बटण दाबलं. पिन तोंडातच.

"मार्लिसबाई? एलियट बोलतोय."

एलियट हार्श म्हणजे काउंटीचा सरकारी वकील. मागच्या निवडणुकीत निवडून आलेला, तिच्या मुलाच्या वयाचा, आवाजात अजून शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेची धार.

"हं."

"ज्युरीचं झालं. वॉरंट निघालंय. वेंडेलच्या नावाने."

"हं."

"आणि ते बजावायचं म्हणजे... तुम्हाला माहीतच आहे. तुमच्याशिवाय कुणाला करता येत नाही. मला वाटलं, आधी फोन करावा."

"हं," ती म्हणाली, आणि पिन काढून मिसेस ब्रॅनव्होल्डच्या कानामागे नीट खोचली.

माहीत होतंच. सगळ्या काउंटीला माहीत होतं, पण विनोद म्हणून. काउंटीत कुणालाही धरायचं तर शेरीफ, म्हणजे निवडून आलेला पोलीसप्रमुख, धरतो. आणि शेरीफलाच धरायचं झालं तर? तर कॉरोनर, म्हणजे मार्लिस, जी एरवी फ्युनरल होम चालवते, मेलेल्यांना शेवटचं सजवते. जुन्या काळी कुणीतरी कायद्यात लिहून ठेवलेलं — जो मेलेल्यांची विचारपूस करतो, तोच काय तो शेरीफच्या अंगाला हात लावू शकतो. आणि नवा शेरीफ नेमला जाईपर्यंत तुरुंगाच्या चाव्याही त्याच्याच कमरेला. दर उन्हाळ्यात काउंटीच्या जत्रेत, डुकरांच्या बक्षीस-समारंभानंतर, शेरीफ वेंडेल स्टाउफर सगळ्यांसमोर दोन्ही मनगटं जोडून तिच्यापुढे धरायचा आणि ओरडायचा, "आली बघा! मला धरू शकणारी काउंटीतली एकटीच बाई!" लोक हसायचे. तीही हसायची. नॉर्बर्ट होता तेव्हा तोही हसायचा — नॉर्बर्ट, तिचा नवरा, ज्याच्या शवपेटीची पुढची उजवी कडी वेंडेलच्या हातात होती, आणि कबरीपाशी पाय घसरला तेव्हा त्याने सगळं वजन एकट्याने...

नको. आता ते नको.

तिने हात धुतले. दोनदा धुतले.

*

मार्च. कोठडीचं दार. रेंशबाईंचा मुलगा — टॉबी, तेवीस वर्षांचा, शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे कुस्करणाऱ्या त्या ठेंगण्या रेंशबाईंचा एकुलता एक — सिमेंटच्या फरशीवर कुशीवर पडलेला. दारू पिऊन गाडी चालवली म्हणून आत आणलेला, आणि सकाळी उठलाच नाही. मार्लिस उंबऱ्याशी उभी, वेंडेल शेजारी, त्याच्या टोपीवर बर्फाचे कण, आणि हवेत... गोडसर. कुजायला लागलेल्या सफरचंदांसारखं काहीतरी, अगदी पुसट. मी विचारलं होतं. हे तर खरं ना? मी विचारलं होतं, याला साखरेचा आजार होता का? आणि तो म्हणाला होता, "नाही गं. काही मागितलं नाही, काही नाही. बाळासारखा झोपला होता. हृदय असेल, मार्ली. त्याच्या बापाचंही असंच." आणि मग खांद्यावर हात ठेवून, हळू आवाजात, "त्याच्या आईला फाडाफाडी नको आहे. बिचारीला नको आणखी."

मार्ली म्हणणारी माणसं दोनच होती. त्यातलं एक आता जमिनीखाली.

तिने 'नैसर्गिक' लिहिलं. आईने असं काही म्हटलंच नव्हतं, तिला कुणी विचारलंच नव्हतं, हे जूनमध्ये कळलं, जेव्हा रात्रपाळीचा जेलर नोकरी सोडून एलियटकडे गेला आणि बोलला — पोरगा रात्रभर इन्सुलिन मागत होता, दारावर बुक्क्या मारत होता, मग नुसता बडबडत होता, मग तेही नाही. आणि जेलरने शेरीफला घरी फोन केला होता, आणि शेरीफ फोनवर म्हणाला होता: सकाळी बघू.

मृताला पुन्हा बाहेर काढावं लागलं. तेही मार्लिसलाच. मार्चमध्ये तिनेच त्याला निळा कोट घातला होता.

तेव्हापासून वेंडेलशी ती बोलली नव्हती. पण तेव्हापासून रोज ती त्याच्याशी बोलत होती — गाडीत, नळाखाली हात धरून, चर्चमध्ये दुसऱ्यांच्या अंत्यविधीची गाणी म्हणताना. तू मला खोटं सांगितलंस. मला. बाकी कुणालाही सांग, पण मला... आणि या सगळ्यात, खरं सांगायचं तर, एक लहानसा दिलासा होता, तो ती कुणाला बोलून दाखवू शकली नसती: त्याने घाबरून खोटं सांगितलं असेल. माणूस घाबरतो. घाबरलेल्या माणसावर रागावता येतं आणि त्याची कीवही करता येते, दोन्ही एकाच वेळी, आणि मैत्री त्या दोन्हींच्या मध्ये कशीबशी पडून राहते.

*

कोर्टाच्या इमारतीत तळमजल्यावर कॉफीची खोली. इथे निवडून आलेले सगळे येतात: खजिनदार, कर आकारणारी, क्लार्क, सर्व्हेअर. दर चार वर्षांनी सगळ्यांची नावं एकाच मतपत्रिकेवर, आणि मधल्या काळात सगळ्यांचे कप एकाच खिळ्यांच्या रांगेवर. वेंडेलचाही कप होता तिथे. कुणी काढला नव्हता.

जोलीन पाइक, काउंटी क्लार्क, कोर्टाचे शिक्के जिच्या हाती, तिने लिफाफा आधीच तयार ठेवला होता. पण तो द्यायच्या आधी तिने मार्लिसला खुर्चीत बसवलं, जसं मार्लिस लोकांना बसवते, आणि कॉफी पुढे केली.

"दोन चमचे टाकलेत. आज तरी साखर नको म्हणू नकोस."

"नाही म्हणत."

"एकटी जाऊ नकोस गं. स्टेट पोलिसांपैकी कुणाला तरी बरोबर घे."

"कशाला? पळून जाणार आहे का तो? त्याच्या तर गुडघ्यात बोल्ट आहे."

जोलीन हसली, आणि मग हसू तसंच ठेवून रडवेली झाली. तेवढ्यात व्हर्न केटलहट आत आला. काउंटीचा सर्व्हेअर, सत्तरीला टेकलेला, बुटांना शेताचा चिखल. जुन्या मोजणीत पुरलेले कोपऱ्यांचे दगड शोधून काढणं हे त्याचं काम, आणि तोंडाला येईल ते बोलणं हा त्याचा धर्म. त्याने मार्लिसकडे पाहिलं, लिफाफ्याकडे पाहिलं, आणि शीळ घातली.

"म्हणजे शेवटी गाईने लाथ मारलीच म्हणायची!"

"व्हर्न," जोलीन म्हणाली.

"काय व्हर्न? मी चांगल्या अर्थाने म्हणतोय. शाब्बास म्हणतोय बाईला."

"कसली गाय?" मार्लिसने विचारलं.

कॉफीच्या यंत्रातून वाफ सुटण्याचा आवाज. जोलीन एकदम कागद सारखे करू लागली.

"कसली गाय, व्हर्न?"

"अगं, ते वेंडेलचं... तुला माहीत नाही? छे, तुला माहीत असणारच. सगळ्यांना माहितीये. तू निवडणुकीला उभी राहिलीस ना पहिल्यांदा, तेव्हापासूनचं. तो गवळ्याच्या घरचा, त्याचं बोलणंच तसं. म्हणायचा, गाय घेताना दूध नंतर बघावं, आधी मागच्या पायावर हात ठेवून बघावा. मार्लिसच्या पायावर मी हात ठेवून बघितलाय म्हणायचा. लाथ मारत नाही." व्हर्नला आता आपण कुठे येऊन पोचलो ते दिसू लागलं होतं, आणि चिखलात रुतलेल्या माणसासारखा तो आणखी जोराने पुढे निघाला. "म्हणजे कौतुकानेच गं! गरीब स्वभावाची, अशा अर्थाने. आपली गाय, आपली गाय असं... लाडाने..."

"व्हर्न, तू दगड शोधायला जा," जोलीन म्हणाली.

"जातो. दगड बरे. निदान ते ठेवल्या जागी असतात."

मार्लिस हसली. हसणं तोंडातून आपोआप आलं, सवयीचं, जत्रेतलं. तिने कॉफी संपवली, कप धुतला, खिळ्याला अडकवला, लिफाफा घेतला. सगळ्यांना माहितीये. मग दर सोमवारी, या खोलीत, ती आत यायची तेव्हा जे एक क्षणभर थांबल्यासारखं व्हायचं, आणि मग कुणीतरी म्हणायचं "या, या मार्लिस" — ते...

जोलीनने दारापर्यंत येऊन तिचा दंड धरला. "मी कधीच म्हटलं नाही तसं. देवाशपथ."

"पण ऐकलंस," मार्लिस म्हणाली.

*

मक्याची शेतं वाळून पिवळट झाली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी यंत्रांची धूळ. हाच रस्ता. इथेच, अकरा वर्षांपूर्वी, त्याने स्वतः हातोडा घेऊन तिच्या नावाच्या पाट्या ठोकल्या होत्या, चरांच्या काठाने, एकेक, आणि ती गाडीत बसून पाट्या पुढे करत होती आणि लाजत होती, कारण आपलं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत तिने फक्त कबरींवरच्या दगडांवर पाहिलं होतं — म्हणजे आपलं नव्हे, आपल्यासारख्यांचं. "सरळ आहे का?" तो ओरडून विचारायचा. "थोडी डावीकडे!" ती ओरडायची. चर्चच्या मासळी-जेवणात त्यानेच म्हटलं होतं, "मार्ली, तू उभी राहा. तुला लोकांची काळजी आहे." आधीचा कॉरोनर, म्हातारा डॉक्टर प्रुइट, फार कटकट्या झालाय, असं सगळे म्हणत होते. का कटकट्या? पोलिसांच्या गाडीने पाठलाग करताना एक मुलगी मेली होती, आणि प्रुइटने चौकशी बसवली होती, लोकांसमोर, शपथेवर, शेरीफला उभं करून. हे तेव्हाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि शेजारी शेजारी ठेवून बघणं वेगळं. मी कधी शेजारी ठेवून बघितलंच नाही.

आणि हात? हात कधी ठेवला त्याने?

ती आठवू लागली, आणि आठवण इतक्या चटकन आली की ती जणू दाराबाहेरच उभी होती. त्या मासळी-जेवणाच्या आधीचा हिवाळा. वेंडेलच्या हाताखालच्या एका पोलिसाने स्वतःवर गोळी झाडून घेतली होती, आणि वेंडेल फ्युनरल होमच्या मागच्या दाराने आला होता, टोपी हातात, डोळे लाल. "मृत्यूच्या बातमीत नुसतं 'घरी, अचानक' असं लिहिशील का मार्ली? पोरांसाठी." तिने लिहिलं होतं. कोणीही लिहिलं असतं! त्यात वाईट काय होतं? दोन लहान पोरं होती त्याची. वेंडेलने तिचे दोन्ही हात धरले होते आणि बराच वेळ काही बोलला नव्हता, आणि त्या न बोलण्याने तिला वाटलं होतं की या माणसाइतकं आपल्याला कुणी...

म्हणजे ते. तेव्हा. त्या लाल डोळ्यांनी.

की नाही? डोळे खरे लाल असतील आणि हातही ठेवला असेल; गवळी गाईला कुरवाळतो तेव्हा कुरवाळणं खोटं असतं असं थोडंच. पण मग नॉर्बर्टची पेटी? घसरलेला पाय, आणि ते सगळं वजन एकट्याने? तेही...? आता एकेक गोष्ट काढून बघावी लागणार होती, अकरा वर्षांची, चाळीस वर्षांची, प्रत्येकीला उलटं करून, तळाशी काय आहे ते. आणि जे तळाशी नसेल तेही आता दिसणारच.

कॉरोनरला पाच शब्द मिळतात. मरण कसंही असो, या पाचांतच बसवायचं: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, दुसऱ्याच्या हातून, सांगता येत नाही. सहावा नाही. तिने गाडी चराच्या कडेला घेतली आणि इंजिन चालूच ठेवून बसली. हे जे आज कॉफीच्या खोलीत मेलं, ते कशात बसवायचं? अपघात — व्हर्नच्या तोंडून निसटलं म्हणून. दुसऱ्याच्या हातून... आणि तिथे तिचं मन थांबलं, कारण आणखी एक शब्द तिच्याकडे बघत होता आणि तिला त्याच्याकडे बघायचं नव्हतं.

मागून ट्रॅक्टर आला, चालकाने हात केला. तिनेही केला.

*

वेंडेलचं घर शेताच्या टोकाला. अंगणात सफरचंदाची दोन झाडं, आणि खाली पडलेल्या फळांवर गांधीलमाश्या घोंगावत होत्या. दार उघडेपर्यंत तो वास तिच्या घशापर्यंत आला. गोड, कुजका. ती उभी राहिली. उन्हात उभी राहिली, आणि अंग मार्चमधलं.

"दार लावून घे," आतून आवाज आला. "माश्या येतात."

तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता, गणवेशाचा इस्त्री केलेला शर्ट घालून, समोर परातीत सफरचंदं, हातात सोलायचा चाकू. दर सप्टेंबरात तो मुरंबा करायचा आणि अर्धी काउंटी त्याच्या बरण्या फुकट खायची. विधुर माणूस, पण ओटा लख्ख.

"सांगून आली असतीस तर कॉफी ठेवली असती."

"मी सांगून येणार नव्हते हे तुला कळलं होतं की. शर्टाला इस्त्री केलीयेस."

"हे मात्र खरं." तो हसला. "एलियट स्वतः नाही आला ना? पोरगा हुशार आहे. पुढच्या वेळी जज्ज होईल बघ. बस ना मार्ली. उभ्याने काय. बरं झालं तूच आलीस, स्टेटचे लोक आले असते तर हातात बेड्या, कॅमेरे, तमाशा. तू कशी समजून घेतेस."

कशी समजून घेतेस. बोलण्याच्या ओघात आलं, काही न ठरवता, आणि तिला त्या हाताचा स्पर्श जाणवला. नेमका. कुठे ठेवला होता, किती दाब होता, सगळं. ती बसली नाही. लिफाफा पर्समध्ये होता. तिने पर्स दोन्ही हातांनी धरली होती, म्हाताऱ्या बायका धरतात तशी.

"तू गाय म्हणायचास मला."

त्याने चाकू थांबवला नाही. साल तुटली नाही. "कोण म्हणालं? व्हर्न? व्हर्नच. त्याला सांगू नये काही."

"म्हणायचास का?"

"मी सगळ्यांना काहीतरी म्हणतो. जोलीनला मी काय म्हणतो विचार. मार्ली, आपण काय त्यावर... तू आज ज्या कामासाठी आलीस ते कर, मी काही नाही म्हणणार नाही, पण माझ्यावर रागावून करू नकोस. एवढंच. पश्चात्ताप होईल."

म्हणजे अजूनही. आताही. चाकू चालू असताना, डोळे सफरचंदावर असताना, तो मागच्या बाजूने येऊन हलकेच... आणि ती किंचाळली असती, जर किंचाळणं तिला येत असतं; त्याऐवजी तिने, आपण कुठून बोलतोय हे न कळता, विचारलं:

"मी दारात विचारलं होतं तुला. साखरेचा आजार होता का म्हणून."

आता त्याने चाकू ठेवला. हात फडक्याला पुसले. आणि पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं, थकलेल्या, जुन्या, ओळखीच्या डोळ्यांनी, आणि त्याचा आवाज खाली आला, अगदी त्या मागच्या दारातल्यासारखा.

"विचारलंस. मी नाही म्हटलं. आणि मग मी तुझा चेहरा बघितला, मार्ली. सुटल्यासारखा झाला होता. तुला वास आला होता. चाळीस वर्षं मेलेल्यांत वावरतेस, तुला त्या वासाचं नाव ठाऊक नव्हतं होय? तुला एक 'नाही' हवं होतं. मी ते दिलं. आता सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यावर... ठीक आहे. मी शेरीफ आहे, माझ्या डोक्यावर. पण तू तरी म्हणू नकोस की मी तुला फसवलं."

तिचा चेहरा. तिने शोधला तो — कोठडीचं दार, बर्फाचे कण, सिमेंट, पोराचा उघडा तळवा, सगळं होतं तिथे, सगळं ती पाहू शकत होती; फक्त तिचा स्वतःचा चेहरा नव्हता. तो कुणालाच स्वतःचा दिसत नाही. तो फक्त त्याने पाहिला होता. तिच्या चेहऱ्याचा एकमेव साक्षीदार म्हणजे हा माणूस, आणि हा खोटारडा, आणि तरीही... सुटल्यासारखा झाला असेल? झाला असेल. खांदे खाली आलेले आठवत होते. फसवलं जाणं एवढं एकच निखळ तिच्याजवळ उरलं होतं, दिवसभर ते उराशी धरून ती इथवर आली होती, आणि तो तेही सफरचंदासारखं सोलत होता, साल न तोडता, गोल गोल. मी फसले की मी... मी फसवून घेतलं...

आणि मग, मनाने त्याच कोठडीच्या दारात उभी असताना, तिला दुसरंच काही दिसलं. पोरगा खाली पडलेला आहे. दारात दोन माणसं, लोकांनी निवडून दिलेली. त्यातला एक दुसरीच्या चेहऱ्याकडे टक लावून बघतो आहे, पाय झाडते का ते पाहायला. आणि दुसरी त्याच्या तोंडाकडे बघते आहे, तो काय म्हणतो ते ऐकायला. पोराकडे कुणीच बघत नाही. माझा चेहरा कसा होता हे आत्ताही आम्ही दोघं बोलतो आहोत. रेंशबाई या क्षणी शाळेत बटाटे कुस्करत असतील.

"फोन आला होता तुला?" तिने विचारलं. "त्या रात्री."

"आला होता."

"सकाळी बघू म्हणालास."

"रोज कुणीतरी काहीतरी मागतं गं. आठवड्याला एकजण मरायला टेकल्याचं नाटक करतो. तुला नाही कळायचं ते."

"आता आत किती जण आहेत?"

"काय?"

"तुरुंगात."

तो थोडा हसला, न समजून. "वीसेक असतील. का? त्यांचं काय?"

"चाव्या आता माझ्याकडे येणार. संध्याकाळची औषधं कोण देतं त्यांना? आणि कधी?"

बाहेर एक सफरचंद गवतात पडलं, मऊ, जवळजवळ आवाज न करता. तो तिच्याकडे बघत राहिला, मान किंचित कलती करून, बाजारात जनावराभोवती फिरताना गवळी बघतो तसा, डोळ्यांवरून तोंडाकडे, तोंडावरून पुन्हा डोळ्यांकडे. काहीतरी शोधत होता, जे नेहमी तिथेच, वरच असायचं. ती उभी होती. पर्स अजून बंद होती, आणि आपला चेहरा आता कसा दिसतो आहे याची तिला काडीचीही कल्पना नव्हती — आणि त्यालाही नव्हती, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं.